खाकी टेरिकॉट आणि सात वेढे दोरा : एका गावातलं सैनिक संग्रहालय

सुरुवातीलाच सांगतो, मी फौजी नाही. फौजींचे कपडे शिवणारा आहे. बेळगावात कॅम्पात वडिलांनी दुकान घातलं, पुढं मी चालवलं, आता मुलगा बसतो. मी दुपारी तासभर काजं करायला म्हणून जातो. मशीनवर बसलं की डोळ्यांतनं पाणी येतं, पण हातानं काजं अजून होतात. त्यामुळं बंदूक समोर असली तरी माझी नजर तिच्या पट्ट्याच्या टाक्यावर जाते. हे सगळं त्याच नजरेनं लिहिलंय, तेवढं धरून चाला. रणगाडा, विमान असलं काही बघायचं असेल तर इथं ते नाही. पोरांना घेऊन उगाच हेलपाटा मारू नका.

वेंगुर्ला रस्त्यानं हिंडलगा मागं टाकलं की आत जी गावं लागतात, त्यातल्या एका गावात हे संग्रहालय आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. चालवणाऱ्यांनीच तसं सांगितलंय. गाड्या लावायला जागा नाही, आणि एकदम चाळीस माणसं आली तर दाराची चौकट राहणार नाही म्हणाले. ज्याला खरंच जायचंय त्यानं कॅम्पात कुणाही जुन्या पेन्शनर माणसाला विचारावं, तो बरोबर रस्ता सांगतो. मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरचं स्वतःचं संग्रहालय कॅम्पात आहे, पण ते लष्कराच्या आवारात. मनात आलं, चप्पल अडकवली आणि निघालो असं तिथं जमत नाही. इथं जमतं. तिकीट नाही, एक डबा ठेवलाय, त्यात घालायचं ते घाला. रविवारी सकाळी उघडं असतं. एरवी किल्ली समोरच्या किराणा दुकानात असते आणि दुकानदार संग्रहालय सांभाळणाऱ्या सुभेदारांना हाक मारतो.

आम्ही गेलो सोमवारी, कारण आमचं दुकान सोमवारी बंद. बरोबर नात होती, आठवीतली. सुगी चालू होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भाताच्या गंज्या, आणि एका वळणावर तर लोकांनी डांबरावरच भात वाळत घातलेलं, गाडी कडेनं काढावी लागली. दुकानदारानं हाक मारल्यावर पंधरा मिनिटांनी सुभेदार मळणीतनंच आले. अंगात बनियन, डोक्यात पेंढ्याच्या काड्या. "थांबा हं मास्टर, हात धुऊन येतो," म्हणाले. मी टेलर आहे हे त्यांना कसं कळलं म्हणून विचारलं, तर म्हणाले, "तुम्ही माझ्या लेंग्याची नाडी बघताय की मघापासून."

जुनी मराठी शाळा आहे. तीन खोल्या, मंगलोरी कौलं, शेणानं सारवलेला ओटा. गावात घरटी एक माणूस मिल्ट्रीत, त्यामुळं सामान गोळा करायला त्यांना लांब जावं लागलं नाही. पेन्शनीवर आलेल्या दहा-बारा जणांनी आपापल्या ट्रंका उपसल्या आणि हे उभं राहिलं.

पहिल्या खोलीत पाच पुतळे उभे आहेत, कापडदुकानात असतात तसले, गुलाबी गालांचे. त्यातला एक साडीच्या दुकानातला आहे, हे बोटांवरनं लगेच कळतं. बोटं पदर धरल्यासारखी वळलेली, आणि त्याच बोटांत लाकडी थ्री नॉट थ्री बंदूक अडकवलीय. नात फस्सकन हसली. मला वाटलं सुभेदारांना राग येईल, तर तेच म्हणाले, "देणगीत आला बाई, आता त्याचा हात कुठनं बदलून आणू?"

खरी गंमत पुढच्या पुतळ्याची. पाटी आहे 'कुत-अल-अमारा, 1916', म्हणजे पहिल्या महायुद्धातलं इराकमधलं गाव. मी सवयीनं वाकलो आणि विजारीची दुमड चिमटीत धरली. टेरिकॉट! पोलिसांच्या ड्रेसला लागतं ते, तकतकीत, इस्त्रीची घडी कायम राहणारं. पॉलिएस्टरचा धागा माणसानं पहिल्यांदा काढला 1941 साली. आमचा हा शिपाई त्याच्या पंचवीस वर्षं आधी टेरिकॉट घालून लढतोय, पुढं चेन लावून, आणि आतनं शिवण ओव्हरलॉक केलेली. पायाला पट्ट्या म्हणून जे गुंडाळलंय ते औषधाच्या दुकानातलं क्रेप बँडेज. त्याला टोकाला दोन लोखंडी आकडे असतात ना, तेसुद्धा तसेच.

आता हे हसण्यावारी सोडून देता आलं असतं. पण त्या काळात ड्रिलचं कापड का वापरायचे ते कळलं नाही, तर त्या माणसाचे हाल कळत नाहीत, असं माझं मत आहे. ड्रिल म्हणजे सुती, तिरप्या विणीचं जाड कापड. नवं असताना पत्र्यासारखं असतं. चार धुण्यांनंतर अंगाचं होतं. घाम पितं, वारं आत घेतं, आणि गुडघ्यावर, ढोपरावर, खांद्यावर पट्टा बसतो तिथं पांढरं पडत जातं. जुना ड्रिलचा शर्ट हातात आला की माणूस पिशवी कुठल्या खांद्यावर घ्यायचा ते मी सांगू शकतो. आणि पायाची पट्टी होती लोकरीची, जवळजवळ तीन वार लांब. पायदळाचा शिपाई ती घोट्यापासून वर बांधत जायचा, घोडेस्वार गुडघ्याखालनं सुरू करून खाली यायचा. आपल्या 'पट्टी' शब्दावरनंच इंग्रजांनी त्यांचा शब्द केला. खाकीही तशीच, खाक म्हणजे धूळ. 1846 च्या सुमाराला पेशावरकडं गाइड्सच्या पलटणीत हॅरी लम्सडेन नावाच्या साहेबानं तो रंग पहिल्यांदा अंगावर घातला, आणि मग सगळ्या जगाच्या फौजांनी उचलला.

कुतचा वेढा सुभेदारांनी मात्र फार चांगला सांगितला. पुतळ्याकडं न बघता सांगितला, ते एक बरं. इंग्रजांच्या फौजेचं पुणे डिव्हिजन तुर्कांच्या वेढ्यात त्या गावात अडकलं, त्यात 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी होत्या. डिसेंबर 1915 पासून 29 एप्रिल 1916 पर्यंत, जवळजवळ पाच महिने. धान्य संपत आलं तशी घोडी आणि खेचरं कापायला लागले. आपली पोरं कितीतरी दिवस त्या मांसाला शिवली नाहीत, अंगातली ताकद गेली, हिरड्या सुजल्या. शेवटी शरण जावं लागलं, आणि त्यानंतर वाळवंटातनं चालवत नेताना जे मेले ते वेगळेच. 117 व्या पलटणीला पुढं 'रॉयल' किताब मिळाला. "किताब मिळाला, पण घरी कोण आलं?" असं सुभेदार म्हणाले आणि खिडकी उघडायला गेले.

मी त्यांना एवढंच म्हटलं, की त्या पाच महिन्यांत नवा कपडा कुठनं मिळणार होता? जो अंगावर होता तोच. मग या पुतळ्याच्या गुडघ्यावर एक तरी ठिगळ पाहिजे की नको? ते थांबले. म्हणाले, "ही गोष्ट आमच्या कुणाच्या ध्यानात आली नाही बघा."

त्याच खोलीत शेवटच्या पुतळ्यावर हल्लीचा ओजी, म्हणजे ऑलिव्ह ग्रीन ड्रेस आहे. हवालदाराच्या तीन फिती दोन्ही दंडांवर. आपल्या फौजेत फीत उजव्या दंडावरच लागते. असले ड्रेस आम्ही हजारांनी केलेत, ही चूक मला झोपेतही दिसेल. सुभेदारांनी कपाळावर हात मारून घेतला. पुतळ्याला फीत लावायचं काम गावातल्या एका शाळकरी पोरानं केलेलं. डाव्या बाजूची फीत मी तिथंच उसवली. खिशात कातरी असतेच.

नव्या ठिपक्या-ठिपक्यांच्या ड्रेसचा पुतळा नाही, आणि तो नाही हेच बरोबर आहे. 15 जानेवारी 2022 च्या परेडला तो पहिल्यांदा दाखवला. निफ्ट या फॅशनच्या संस्थेतल्या लोकांनी आखलेला, सत्तर टक्के सूत आणि तीस टक्के पॉलिएस्टर, शर्ट बाहेर सोडायचा, पट्टा आतनं. त्याची नक्षी फौजेच्या नावानं नोंदवलीय, बाजारात कुणालाही ते कापड विकता येत नाही. देशाच्या दृष्टीनं शहाणपणाचंच आहे, त्याबद्दल वाद नाही. फक्त आमच्या ओळीतल्या दुकानांत पूर्वी रंगरूट पोरं कसम परेडच्या आधी रांग लावायची, 'मास्टर, इथं जरा आत घ्या, इथं सोडा' म्हणत, आणि कमांडो विंगला कोर्सला आलेले देशभरातले लोक खिसा फाटला की यायचे. ती वर्दळ कमी झाली. मुलगा आता शाळेचे ड्रेस शिवतो. असो, संग्रहालयाविषयी बोलत होतो.

दुसरी खोली म्हणजे सगळे फ्लेक्स. छतापासून जमिनीपर्यंत. मला फ्लेक्सचा कंटाळा आहे, आपल्याकडं वाढदिवसालाही तोच आणि दहाव्यालाही तोच. इथल्या फ्लेक्सवर मजकूर मात्र नीट लिहिलाय. इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेले दोन मराठे शेजारी शेजारी आहेत. नायक यशवंत घाडगे, 10 जुलै 1944. तुकडीतले सगळे पडले तेव्हा एकटे मशीनगनवर धावून गेले, गोळ्या भरायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना दस्त्यानं मारलं, आणि तिथंच लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी गेले. वय बावीस. दुसरे शिपाई नामदेव जाधव, 9 एप्रिल 1945, सेनिओ नदी. दोन जखमी साथीदारांना सुरुंगांच्या पट्ट्यातनं एकेक करून पाठीवरनं आणलं, मग तीन मशीनगनी गप्प केल्या, हात निकामी झाला तेव्हा हातबॉम्ब टाकले आणि शेवटी बांधावर चढून शिवाजी महाराजांचा जयजयकार करून बाकीच्यांना पुढं बोलावलं. ते जगले, 1984 पर्यंत. नातीनं हे उभ्याउभ्या पूर्ण वाचलं, मोबाइल न काढता. फ्लेक्सला यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र मी देऊ शकत नाही.

बाजूला एकाहत्तरच्या लढाईचा भिंतीभर मजकूर आहे. तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या जमालपूरचा किस्सा सुभेदार रंगवून सांगतात. ब्रिगेडियर क्लेर यांनी समोरच्या बलुच पलटणीच्या कर्नलला शरण ये म्हणून चिठ्ठी धाडली. कर्नल सुलतान अहमदनं उत्तराच्या कागदात एक गोळी गुंडाळून पाठवली. मग मराठ्यांच्या पहिल्या, म्हणजे जंगी पलटणीनं मागची वाट अडवून धरली आणि 11 डिसेंबरला जमालपूर पडलं. त्याच दिवशी टांगाइलला पॅराशूटनं उतरली ती दुसरी पॅरा, म्हणजे मूळची मराठ्यांचीच तिसरी पलटण. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. आमच्या दुकानात रात्री उशिरापर्यंत बल्बला काळा कागद लावून काम चालायचं, आणि मी बटणं मोजून पुड्या बांधायचो. एका पुडीत सहा. जमालपूर हा शब्द मी पहिल्यांदा त्या पुड्या बांधता बांधताच रेडिओवर ऐकला. पुढची पुडी बांधताना त्यात सात बटणं गेली म्हणून वडिलांनी टपली मारली होती.

बंदुका तीन, त्यातल्या दोन लाकडी. पुढं जाऊ.

या खोलीत कोपऱ्यात एक काचेचं कपाट आहे. बहुतेक लोक ते न बघताच पुढं जातात, कारण त्याच्यावर पाटी नाही आणि खालच्या फळीवर झाडू ठेवलाय. त्यात एक बॅटल ड्रेसचं कमरेपर्यंतचं जाकीट आहे, जाड लोकरी सर्जचं. गावातल्या एका घरातनं आलंय. त्या घरचे आजोबा इटलीत होते, म्हणजे सुभेदारांनी तसं सांगितलं. पण तसं सांगितलं नसतं तरी कळलं असतं. आपल्या हवेत असला कपडा कुणी अंगात घालत नाही. आत घाम येऊन माणूस आंबेल. हा थंडीतल्या चिखलाचा कपडा.

सुभेदारांनी ते काढून टेबलावर पसरलं. वास डांबरगोळ्यांचा, आणि त्याखाली जुन्या लोकरीचा, भिजलेल्या मेंढरासारखा. कसरीनं भोकं पाडलीयत, त्याला इलाज नाही. डाव्या ढोपराला मात्र भोक नव्हतं, तिथं रफू होतं. रुपयाएवढ्या गोल जागेत उभे धागे घातलेले, मग आडवे, एक वर एक खाली, काठाला अर्धा इंच सोडून आत मुरवलेले. धागा सर्जचा नाही. दोन पदरी पिळाची लोकर आहे, मोज्याला असते तसली. म्हणजे मोज्यासाठीची लोकर त्यानं ढोपराला वापरली असणार. प्रत्येक शिपायाच्या सामानात एक कापडी गुंडाळी असायची, सुया, दोरा, चार बटणं. मोजे रफू करायला लोकरही त्यात असायची. दुकानात शिकलेल्या माणसाचं हे काम नाही, ताण कमीजास्त झालाय, एका बाजूला कपडा किंचित ओढलाय. पण घाईत केलेलंही नाही.

मी चष्मा काढून जवळनं बघितलं तर टाक्यांचा कल उलटा. आपण उजव्या हातानं घालतो तेव्हा टाका एका अंगाला झुकतो, हा दुसऱ्या अंगाला झुकलेला, आणि सुरुवातही उलट्या बाजूनं. मी म्हटलं, "हा माणूस डावखुरा होता." सुभेदार म्हणाले, "ते कशावरनं?" मी दाखवलं. त्यांना पटलं नाही. त्यांनी तिथनंच त्या घरी फोन लावला. पलीकडं बहुधा आजोबांची सून होती, आवाज बराच वेळ मोठ्यानं येत होता. फोन ठेवल्यावर सुभेदार माझ्याकडं बघतच राहिले. म्हणाले, "होय ओ. डाव्या हातानं जेवायचे म्हणून लहानपणी मार खाल्लेला. म्हातारपणापर्यंत डाव्याच हातानं जेवले." मग त्यांनी एका चिठ्ठीवर लिहिलं, 'हे रफू स्वतः केलेले, डाव्या हाताने', आणि चिठ्ठी जाकिटाला टाचणीनं लावायला लागले. मी हात धरला. टाचणी गंजते. चिठ्ठी आता काचेला चिकटवलीय आणि झाडू तिथनं हलवलाय.

तिसरी खोली सगळ्यात लहान, आणि जायचं असेल तर तिच्यासाठीच जा. इथं लढाई नाहीच. जवानाचं राहणं आहे. काळ्या ट्रंका, त्यावर पांढऱ्या रंगानं नंबर, हुद्दा, नाव. एका ट्रंकेवर 'सिपाही' खोडून 'नायक', त्यावर 'हवालदार', आणि शेवटचं 'नायब सुभेदार' लिहायला जागा पुरली नाही म्हणून झाकणावर चढवलंय. माणसाची सगळी नोकरी पाऊण हात पत्र्यात. होल्डॉल, पत्र्याचा मग, दोन डब्यांचं मेस टिन, दाढीचा आरसा. अंगोला, म्हणजे लोकर मिसळलेल्या कापडाचे शर्ट तीन, कॉलर उलटून परत शिवलेल्या. कॉलर झिजली की ती उसवून आतली बाजू बाहेर काढून बसवायची, हे काम आम्ही एके काळी रोज करायचो. आता कुणी आणत नाही, मला ते बघून हात शिवशिवले.

भिंतीवर एकच फोटो आहे, धारवाडकडच्या बेटदूरच्या लान्स नायक हनमंतप्पा कोप्पद यांचा. सियाचेनला 3 फेब्रुवारी 2016 ला हिमकडा कोसळला, सहा दिवसांनी बर्फाखालनं ते जिवंत निघाले आणि 11 तारखेला दिल्लीच्या रुग्णालयात गेले. त्याखालचा मजकूर कन्नडमध्ये, बाकी खोलीतला मराठीत. शेजारच्या गावचे कन्नड भाषिक माजी सैनिक पण यात आहेत, त्यांनी लिहिलाय. सुभेदारांनी तो घडाघडा वाचून मराठीत सांगितला. फोटोखाली बर्फातला कोट आणि हातमोजे ठेवलेत, गावातल्या कुणी दिलेले. कोटाच्या चेनीला बोटभर लांब नाडी बांधलीय, जाड मोजा घातलेल्या हाताला चेन सापडावी म्हणून. नातीला ती ओढून बघायला दिली. मोजा घालून. तिला तीनदा जमलं नाही.

त्याच खोलीत मी एकदा तोंडघशी पडलो, तेही सांगतो. खुंटीला एक बायकांचं मरून स्वेटर होतं, त्याला पदकं लावलेली, उजव्या छातीवर. मी लगेच म्हटलं, "सुभेदारसाहेब, हेही त्याच शाळकरी पोरानं केलं काय? पदक डावीकडं पाहिजे." ते म्हणाले, "स्वतःचं असेल तर डावीकडं, मास्टर. हे मालकाचं." गेलेल्या माणसाची पदकं घरचे लावतात ती उजवीकडं. चाळीस वर्षं छातीवर पदकांच्या दांड्या बसवून दिल्या, पण त्या सगळ्या जिवंत माणसांच्या होत्या. मी स्वेटरची खांद्यावरची घडी नीट केली आणि गप्प बसलो.

खिडकीजवळ पत्रांची पेटी. फौजेची पत्रं, पत्ता एकच, द्वारा 56 एपीओ, म्हणजे फौजेचं पोस्ट ऑफिस. माणूस कुठल्या डोंगरावर बसलाय ते घरच्यांना कळायचं नाही, आकडा तेवढा कळायचा. पूर्वेकडं असला तर 99. पत्रं बंद आहेत, वाचायला उघडत नाहीत, आणि ते मला आवडलं. फक्त एक पाकीट उघडून ठेवलंय. ते घरनं गेलेलं आहे, साधारण पासष्ट सालाच्या आसपासचं. त्यातलं पत्र नाही, ते हरवलं. राहिलाय तो पुठ्ठ्याचा एक तुकडा, काडीपेटीपेक्षा थोडा मोठा, आणि त्याला गुंडाळलेला पांढरा दोरा. गोधडीला वापरतात तसा, दुपदरी. एका टोकाला गाठ, दुसऱ्या टोकाला गाठ. शेजारी चिठ्ठी, 'मुलाची उंची'.

बाप रजेवर आला नव्हता. पोर जन्मलं, उठून बसलं, उभं राहायला लागलं. आईला लिहिता येत नव्हतं, पत्र कुणाकडनं तरी लिहवून घेतलेलं. मग तिनं पोराला भिंतीशी उभं करून, नाहीतर अंथरुणावर निजवून, टाचेपासून डोक्यापर्यंत दोरा धरला, गाठ मारली आणि पाठवून दिला. मी दोरा सोडवला नाही. पुठ्ठा दोन इंच रुंद, म्हणजे एक वेढा चार इंच. वेढे सात. अठ्ठावीस इंच. नातीला म्हटलं, नऊ-दहा महिन्यांचं बाळ. ती पुठ्ठ्याकडं बघत म्हणाली, "आबा, त्यानं हा उलगडून धरला असेल ना?" पुठ्ठ्याच्या कडेला दोऱ्याचे दोन वळ पडलेत, एक जुना आणि एक त्याच्या जरा शेजारी. म्हणजे निदान एकदा सोडून परत गुंडाळलाय.

ते पोर गावातच आहे, साठीला पोचलंय. दूध डेअरीत माप घालतात. सुभेदार म्हणाले, बोलावू का? मी नको म्हटलं. सकाळच्या दुधाची वेळ होती.

आता उणं काय ते. दमट. आपल्या भागात चार महिने पाऊस कोसळतो आणि या कौलांखाली कपड्यांना बुरशी धरते, धरलीच आहे. जुने लोकरी कपडे हँगरला लटकवलेत, त्यानं खांदे ओघळतात. ते आडवे पसरून ठेवायला पाहिजेत. चांगले राहावेत म्हणून काहींवर प्लास्टिक घातलंय, त्यानं उलट ओल आत कोंडते. मांजरपाटाच्या खोळी पाहिजेत, कांजी धुऊन काढलेल्या. दुसऱ्या खोलीत सकाळी सरळ ऊन येतं आणि तीन वर्षांत फ्लेक्ससुद्धा फिके पडलेत, मग कापडाचं काय होत असेल. अर्ध्या वस्तूंवर पाटी नाही. सुभेदार बरोबर असतील तर पाटीची गरज लागत नाही, पण सुगीत ते बरोबर असतीलच असं नाही. बायकांसाठी सोय नाही, समोरच्या घरात विचारावं लागतं, ते कधी नाही म्हणत नाहीत. चहा किराणा दुकानदार देतो, पैसे घेत नाही, म्हणून निघताना त्याच्याकडनं काहीतरी घ्यावं. आम्ही शेंगा घेतल्या.

तारे द्यायचेच म्हटलं तर पहिल्या खोलीला दोन, दुसरीला तीन, ते पण त्या जाकिटामुळं. तिसरीला पाचाच्या वर आकडा नाही म्हणून पाच.

खोळींचं मी अंगावर घेतलंय. मांजरपाट आणला, धुतला, वाळत घातलाय. अडलंय ते कुतच्या शिपायापाशी. त्याचा टेरिकॉट मला बघवत नाही. शर्ट-विजार मी शिवून देतो म्हटलंय, हातानं काजं, चेन नाही, गुडघ्याला एक ठिगळ. पण खाकी ड्रिल कुठं आहे? खडेबाजार पालथा घातला, शहापुरात विचारलं. सगळे खाकी म्हटलं की टेरिकॉटचं शेड कार्ड पुढं करतात. एकानं सुती म्हणून दाखवलं, वात काढून जाळून बघितली तर टोकाला काळा मणी झाला. सुताची राख होते, मणी होत नाही. कुणाच्या घरी ट्रंकेच्या तळाला जुना ताग्यातला खाकी ड्रिल पडला असेल तर कॅम्पात निरोप ठेवा. अठ्ठावीसचा पन्हा असेल तर पाच वार लागेल, छत्तीसचा असेल तर चारात बसवतो. भोकं असली तरी चालेल, ती गुडघ्यावर घेता येतील.